मायने विचारलं ते बरोबरच होतं

प्रिय मावशी,

तुमच्या सदरात लोक सुनेबद्दल, बांधाबद्दल, पोरांच्या लग्नाबद्दल लिहितात. माझा प्रश्न सिनेमाचा आहे, हसू नका.

मी एकतीस वर्षांचा, चोपडा तालुक्यातला. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच सर्व्हरचे प्रोग्राम लिहितो. नाना नऊलाच झोपतात. माय मात्र जागी असते, कारण केळीला पाणी द्यायचं तर थ्री फेज लाइट रात्री उशिरा येते. तोवर आम्ही दोघं काहीतरी पाहतो. मागच्या महिन्यात मी ‘ट्रॉन’ लावला, १९८२ चा. एक माणूस कॉम्प्युटरच्या आत ओढला जातो, तिथे प्रोग्राम माणसांसारखे चालतात-बोलतात, आणि त्यांना खेळांत मरेपर्यंत झुंजवलं जातं. मायला इंग्रजी येत नाही, म्हणून मी अहिराणीत सांगत होतो. सांगता सांगता चिडत गेलो. दर पाच मिनिटांनी थांबवायचो. माय, असं काही नसतं. आत शहर नसतं, मोटारसायकली नसतात, लेसरने माणूस आत जात नाही.

सिनेमा संपल्यावर तिने विचारलं, “तुना पोग्राम बी तुनी वाट देखतस का रे?” मी हसलो. म्हटलं, माय, त्या नुसत्या ओळी असतात. ती उठली, फोन लावून विहिरीवरची मोटर चालू केली आणि आत गेली. तेव्हापासून काही लावलं की म्हणते, “तू देख, माले नींद ई राहिनी.”

खरं सांगायचं तर मलाही तो आवडला नाही. याचंच वाईट वाटतं. लहानपणी असले सिनेमे मी तोंडाचा आ करून पाहायचो. आपण ज्यातलं काम करतो, त्यावरचा अद्भुत सिनेमा आपल्याला मजेत पाहताच येत नाही का?

— एक प्रोग्रामर, चोपडा तालुका

भाऊ,

हसले नाही. या आठवड्यात एकाच बांधावरून भांडणाऱ्या दोन सख्ख्या भावांची दोन वेगवेगळी पत्रं आली आहेत. ती बाजूला ठेवून तुझं आधी घेतलं, यावरून काय ते समज.

‘ट्रॉन’ मी पाहिलेला नव्हता. भरीत न चाखताच तिखट कमी म्हणण्यात अर्थ नाही, म्हणून भाच्याच्या लॅपटॉपवर दोन रात्रींत पाहिला. भाचा तुझ्याच धंद्यातला, शेवटच्या वर्षाला आहे. पहिल्या दहा मिनिटांत तोही तुझ्यासारखा सुरू झाला होता. त्याला मी पाणी आणायला पाठवलं.

आता तुझ्या मायच्या प्रश्नाकडे येते. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त किमतीची गोष्ट तीच वाटली, आणि तू ती चार ओळींत उरकलीस.

त्या सिनेमात एक गोष्ट आहे जी बहुतेक तुझ्या नजरेतून निसटली, कारण तू चुका मोजत होतास. आतल्या प्रत्येक प्रोग्रामला त्याला लिहिणाऱ्या माणसाचा चेहरा आहे. बाहेर अॅलन नावाचा प्रोग्रामर आहे, त्याने ट्रॉन लिहिला, म्हणून आतला ट्रॉन अॅलनसारखा दिसतो. दोन्ही कामं एकाच नटाने केली आहेत. नायक फ्लिन, जो आत ओढला जातो, त्याने लिहिलेला क्लू नावाचा प्रोग्राम फ्लिनसारखा दिसतो. ज्याने फ्लिनचे गेम चोरले त्या डिलिंजरचा चेहरा आतल्या क्रूर सरदाराला आहे. आणि हे प्रोग्राम आपल्या ‘यूजर’बद्दल कसे बोलतात ते आठव. कुणी म्हणतं तो आहे, कुणी म्हणतं या सगळ्या भाकडकथा, आणि आतला जो मुकादम आहे, मास्टर कंट्रोल प्रोग्राम, तो यूजरवर विश्वास ठेवणाऱ्यांना खेळात मारायला पाठवतो.

‘यूजर’चं अहिराणीत काय केलंस रे तू? ‘वापरकर्ता’ म्हणाला नसशील अशी आशा करते. मी असते तर ‘धनी’ म्हटलं असतं. तू काय शब्द वापरलास ते पत्रात नाही, पण तुझ्या मायने धनीच ऐकलं असणार. आपल्याकडे ज्या घरात बैल राहिला आहे, त्या घरातल्या बाईला धनी आणि त्याची वाट पाहणारा मुका जीव वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दिवेलागणीला गोठ्याकडे कोण येतंय हे बैलाला पावलांवरून कळतं. पोळ्याला त्याच्या शिंगांना हिंगूळ लावताना, गळ्यात माळ घालताना आणि पुरणाचा घास देताना ‘हे नुसतं जनावर आहे’ असं कुणी म्हणत नाही. तिने सिनेमा पाहिला आणि तिला दिसलं की माझा पोरगा दिवसभर खोलीत बसून जे काही करतो, त्याच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी असू शकतं. आणि ते त्याच्यासारखं दिसतं.

किती वर्षं झाली तुला कामाला लागून? सात, आठ? या काळात तिने तुझ्या कामाबद्दल किती प्रश्न विचारले ते आठव. पगार किती, सुट्टी कधी, पाठ दुखते का, डोळे दुखतात का, हे सोडून. माझा अंदाज आहे की हा पहिलाच असेल. आणि तू म्हणालास, नुसत्या ओळी असतात.

त्यातही वाईट म्हणजे ते उत्तर चूक होतं.

हे मला भाच्याकडून कळलं. मी त्याला विचारलं, सर्व्हर म्हणजे नक्की काय करतो? तो म्हणाला, बहुतेक वेळ काहीच नाही, ऐकत बसतो. कुणाची तरी मागणी येईल म्हणून. ‘लिसन’ करतो असंच म्हणतात म्हणे. मग मी म्हटलं, आणि मागणी आली की? तर म्हणाला, ती पुढे पाठवतो, डेटाबेसकडून उत्तर येईपर्यंत ‘अवेट’ करतो. मी विचारलं, अवेट म्हणजे? तो माझ्याकडे बघायला लागला. अवेट म्हणजे वाट पाहणे, मावशी, कोडमध्ये तसंच लिहितात.

म्हणजे तू दिवसातून पन्नास वेळा स्वतःच्या हाताने ‘वाट पाहा’ असं लिहितोस, आणि माय विचारते वाट पाहतात का, तर हसतोस. तुझ्या अख्ख्या कंपनीत इतका नेमका प्रश्न तुला कुणी विचारला नसेल.

मग मी भाच्याला पिळूनच काढलं. तुमच्या धंद्याची भाषा ऐकून मी थक्क झाले. पडद्यामागे गुपचूप काम करत राहणाऱ्या प्रोग्रामला तुम्ही ‘डेमन’ म्हणता. एका प्रोग्रामने दुसरा सुरू केला तर एक ‘पेरेंट’, दुसरा ‘चाइल्ड’. पेरेंट आधी संपला तर पोर ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथ, आणि त्या अनाथाला सांभाळायला एक मूळपुरुष प्रोग्राम ठरलेला असतो. पोर संपलं पण पेरेंटने त्याची दखल घेतली नाही, तर ते ‘झोंबी’ होऊन यादीत लटकत राहतं. आणि ऐकेनासा झाला तर ‘किल’. यातली बहुतेक नावं युनिक्स या जुन्या कॉम्प्युटर प्रणालीवाल्यांनी दाढी-मिशा असलेल्या वयात, पूर्ण शुद्धीवर असताना रूढ केलेली आहेत. त्यापुढे दोन चमकत्या मोटारसायकली फार झाल्या असं मला तरी वाटत नाही. तू रोज एका अद्भुत कथेत नोकरी करतोस. फक्त ती कथा तुम्हा लोकांत इतकी रुळली आहे की तुम्हाला ती कथा वाटत नाही.

हा सिनेमा अडाणी लोकांनी केला, असा तुझा ग्रह दिसतो. तसं नाही. त्याची मूळ कथा लिहिणाऱ्यांत बॉनी मॅकबर्ड होत्या, आणि सल्लागार होते अॅलन के. हे नाव तुला माहीत असायला हवं. आज तू ज्या खिडक्या आणि चित्रं असलेल्या पडद्यावर काम करतोस, त्यामागे ज्या थोड्या लोकांचं डोकं आहे त्यांतले ते एक. पुढे या दोघांनी लग्न केलं. सिनेमातल्या अॅलनला नाव त्यांच्यावरूनच दिलं आहे. ‘मास्टर कंट्रोल प्रोग्राम’ हेही हवेतून काढलेलं नाही. बरोज कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरची जी मुख्य प्रणाली १९६१ मध्ये आली, तिचं खरंखुरं नाव तेच होतं. आणि तो छोटा ‘बिट’, जो उडत उडत येतो आणि फक्त हो किंवा नाही एवढंच बोलतो, त्यात चूक काढून दाखव मला.

माझी एक जुनी गोष्ट सांगते. बँकेत होते तेव्हा, नव्वदच्या सुरुवातीला, कॉम्प्युटर येणार म्हणून आम्ही तीन-चार बायका जळगावला संध्याकाळच्या एका क्लासात ‘बेसिक’ नावाची प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला जायचो. (बँकेत कॉम्प्युटर आला तेव्हा दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि त्या खोलीत चपला काढून जायचो. धूळ नको म्हणून, असं साहेब म्हणायचे. आम्ही काय समजायचं ते समजलो.) तर त्या बेसिकमध्ये एक आज्ञा होती: ट्रॉन. ट्रेस ऑन. ती दिली की प्रोग्राम चालताना ज्या ज्या ओळीवरून जाई, तिचा आकडा पडद्यावर चौकटी कंसात उमटत जाई. दहा, वीस, तीस, मग एकदम परत वीस. माझा प्रोग्राम कुठेतरी अडकला होता, सरांनी ती आज्ञा दिली, आणि मला त्याची पावलं दिसली. वीस, तीस, वीस, तीस. घाण्याला जुंपल्यासारखा बिचारा गोल गोल फिरत होता. मी चक्क ‘अरे अरे’ म्हणाले. सिनेमाचं नाव त्या आज्ञेवरून नाही, ‘इलेक्ट्रॉनिक’ या शब्दावरून सुचलं असं दिग्दर्शक स्टीव्हन लिसबर्गर सांगतो. असो. परवा लॅपटॉपवर ते नाव झळकलं तेव्हा मला ती पावलंच आठवली.

ज्ञान वाढलं की मजा जाते का, हा तुझा खरा प्रश्न. जळगावचा श्रीरामाचा रथ पाहिला आहेस का? कार्तिकी एकादशीला निघतो. त्या लाकडी धुडाला ना इंजिन, ना स्टिअरिंग. पुढे दोर ओढणारे असतात, पण वळवायचं किंवा थांबवायचं ते चाकाखाली लाकडी मोगरी देऊन. मोगरीवाला चाकाच्या इतक्या जवळ असतो की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. रथ कशाने चालतो, कशाने थांबतो, कुठे कलतो हे त्या गर्दीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आणि मी लहानपणापासून बघत आले आहे, रथ थांबला की हात जोडणाऱ्यांत तोही असतो. त्याची भक्ती आंधळी म्हणता येणार नाही, कारण लाकडाची प्रत्येक चीर त्याला ठाऊक आहे. पण तो हात जोडताना मोगरी खाली ठेवतो.

तू मायच्या शेजारी बसताना मोगरी हातातच ठेवली होतीस. ऑफिसात दुसऱ्याचं काम तपासतोस, तसा तो सिनेमा तपासलास. त्या नजरेने पाहिलं तर पंचतंत्रातही पहिल्याच पानावर अडशील.

आता तुझ्या माहितीचं काय करायचं? ती फेकू नकोस, जागा बदल. ‘असं नसतं’ सांगण्याऐवजी ‘हे केलं कसं’ ते सांग. तिथे तुझ्यासारख्याचा खरा उपयोग आहे आणि मायलाही ते आवडेल, कारण हा सिनेमा बराचसा हातकामाचा आहे. ते चमकते कपडे कॉम्प्युटरने काढलेले नाहीत. नट काळ्या सेटवर, रेघा काढलेले साधे कपडे घालून उभे राहिले, कृष्णधवल फिल्मवर चित्रीकरण झालं. मग एकेक चौकट मोठ्या पारदर्शक फिल्मवर उतरवली, तिच्यावर हाताने काळं भरून जिथे उजेड हवा तेवढाच भाग मोकळा ठेवला, आणि मागून रंगीत प्रकाश टाकून पुन्हा फोटो घेतला. एका सेकंदाला चोवीस चौकटी. हे रंगकाम करायला तैवानमधले कितीतरी कारागीर लावले होते. निव्वळ कॉम्प्युटरवर काढलेला भाग सगळा मिळून पंधरा-वीस मिनिटांचाच आहे.

तो भाग तर आणखी कष्टाचा. त्या वेळची मशीन चित्र काढायची, पण वस्तू आपोआप हलवायची सोय नव्हती. मोटारसायकल एका चौकटीत कुठे आहे आणि कशी कललेली आहे, याचे सहा आकडे माणसाने ठरवून द्यायचे. पुढच्या चौकटीला पुन्हा सहा. चार सेकंदांच्या दृश्यात एका वस्तूसाठी पावणेसहाशे आकडे झाले की नाही, हिशेब तूच कर. मशीनची मेमरी होती दोन मेगाबाइट. तू फोनवर काढतोस त्या एका फोटोला यापेक्षा जास्त जागा लागत असेल. एवढं करून ऑस्करच्या स्पेशल इफेक्ट्सच्या यादीत त्याला नामांकनही मिळालं नाही. कॉम्प्युटर वापरणं म्हणजे लबाडी असं तेव्हा समजलं गेलं, असं लिसबर्गर सांगत आला आहे. नामांकनं मिळाली ती वेशभूषा आणि ध्वनीला. कपड्यांना! मी भाच्याला म्हटलं, बघ, शिंप्याची तरी कदर झाली.

तुला सिनेमा आवडलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. मलाही सगळा आवडला नाही. कथा पातळ आहे, मध्यंतरानंतर सगळे नुसते इकडून तिकडे जात राहतात, आणि नायक इतका हसतो की कधीकधी त्याला धरून बसवावंसं वाटतं. २०१० चा पुढचा भाग दिसायला अधिक देखणा आहे आणि त्याचं संगीत तर कानात राहतं. तरी जुन्यातला तो काळोख आणि त्यातल्या त्या हाताने जपलेल्या उजेडाच्या रेघा मला जवळच्या वाटल्या. आपल्या भागात रात्री शिवारात लाइट आल्यावर दूरदूरच्या विहिरींवर एकेक दिवा लागतो, तसं काहीसं.

त्यावरून आठवलं. तू लिहिलं आहेस, माय उठली आणि फोन लावून मोटर चालू केली. लिहिताना तुझ्या ध्यानात आलं नसेल, पण जरा बघ. अंधारात दोन शेतं पलीकडे एक यंत्र बसलेलं आहे. ते हिच्या फोनची वाट पाहतं. हिचा नंबर ओळखतं, दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. फोन आला की उठतं आणि केळीला पाणी देतं. ती बाई यूजर आहे, भाऊ. सिनेमा तिला तुझ्याआधी समजला तो उगीच नाही. ती मोटरबद्दल कशी बोलते ते ऐक एकदा. आमच्याकडे तर मोटर रुसते, डीपी दगा देते, लाइट येते आणि जाते, जशी काही पाहुणी.

माफी-बिफी मागायला जाऊ नकोस, ती ओशाळेल. एखाद्या रात्री लाइट यायच्या वेळेला तिच्याबरोबर ओट्यावर बस. मोबाईल स्टार्टर कसा चालतो ते तिच्याकडून समजून घे; तुला माहीत असेल तरी. मग तुझा एक प्रोग्राम तिला सांग. सगळे नकोत, एकच. तो काय काम करतो, कुणासाठी करतो, रात्री तू झोपलास की काय करतो. मग त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर दे. हो म्हण. लॅपटॉप उघडून ‘अवेट’ लिहिलेली ओळ दाखव, तिला वाचता येवो न येवो. बैलासारखं त्याला कळतं का, असं ती विचारेल, आणि तिथे मात्र खोटं बोलू नकोस. कळत नाही म्हणून सांग. वाट पाहतो, पण त्याला कळत नाही. यावर ती काय म्हणते ते मला नक्की कळव. मला त्याची फार उत्सुकता आहे.

आणि पुन्हा सिनेमा लावाल तेव्हा रिमोट तिच्या हातात दे. थांबवायचं तर तिने थांबवायचं, विचारायचं तर तिने विचारायचं. चुका फारच खुपायला लागल्या तर एका कागदावर लिहून ठेव आणि सकाळी ऑफिसातल्या मित्रांना पाठव, त्यांचा चहा गोड होईल. मधेच लाइट गेली तर उरलेली गोष्ट तू तोंडी सांग, अहिराणीत, हातवारे करून. मोटारसायकलींचा आवाज तुला काढावा लागेल. ‘बिट’चं काम मायला दे. दोनच शब्द आहेत, हां आणि नही.

— मावशी